भाड्याच्या घरांची कारभारीण : ऑक्टेव्हिया हिल

भाड्याचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच मालक उभे राहतात. एक खाजगी घरमालक आणि दुसरा सरकार किंवा नगरपालिका. इंग्लंडात मात्र एक तिसऱ्या प्रकारचाही घरमालक आहे. त्याला तेथे हाउसिंग असोसिएशन असे म्हणतात. आपल्याकडील सहकारी हाउसिंग सोसायटीशी वाचकांनी याची गल्लत करू नये. आपल्या सोसायटीत राहणारे लोकच सभासद असतात. तेथे राहणारे हे बहुतेक भाडेकरू असतात, आणि संस्था नफा वाटून न घेता जे उरेल ते घरांवरच खर्च करते. अशा संस्थांच्या ताब्यात आज इंग्लंडात वीस लाखांहून अधिक घरे आहेत.

या संस्था सरकारी म्हणाव्यात की खाजगी? ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने त्या सार्वजनिक आहेत असा निर्णय दिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच कार्यालयाने त्या खाजगी आहेत असे ठरविले. या दोन वर्षांत एकाही घराची भिंत हलली नव्हती, की एकाही भाडेकरूच्या दारावरची पाटी बदलली नव्हती. हा वाद हिशेबनिसांचा आहे असे प्रथम वाटते. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. दुसऱ्याच्या राहत्या घराची सत्ता ज्याच्या हाती आहे, तो कोणाला जबाबदार? या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. तिचे नाव ऑक्टेव्हिया हिल.

ऑक्टेव्हियाचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडच्या पूर्व भागातील विस्बेच या गावी झाला. वडील जेम्स हिल हे धान्याचे व्यापारी व पेढीवाले होते. समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांच्या विचारांचे ते चाहते होते, आणि गावात त्यांनी लहान मुलांसाठी शाळाही काढली होती. ही त्यांची आठवी कन्या. लॅटिन भाषेतील आठ या अंकावरूनच तिचे नाव पडले. परंतु १८४० मध्ये पेढी बुडाली. त्या धक्क्याने वडिलांचे मन कायमचे खचले. आई कॅरोलाइन यांच्यावर पाच मुलींचा भार पडला.

अशा वेळी आजोबा धावून आले. आईचे वडील डॉ. साउथवुड स्मिथ हे लंडनच्या तापाच्या रुग्णालयात वैद्य होते. गरिबांच्या वस्तीतील घाणेरडे पाणी, तुंबलेली गटारे आणि कोंदट खोल्या यांमुळे साथी पसरतात, हे त्यांनी सरकारला पटवून देण्यासाठी आयुष्य वेचले. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या लहान मुलांची चौकशी करणाऱ्या आयोगावरही ते होते. घर चांगले नसेल तर औषधाचा काय उपयोग, ही शिकवण ऑक्टेव्हियाला घरातच मिळाली.

१८५२ मध्ये आईला लंडनमध्ये स्त्रियांच्या एका सहकारी उद्योगमंडळाची व्यवस्था पाहण्याचे काम मिळाले. तेथे गरीब शाळांतील मुली बाहुल्यांचे छोटे लाकडी सामान तयार करीत. या मुलींवर देखरेख ठेवण्याचे काम ऑक्टेव्हियाकडे आले, तेव्हा ती अवघी तेरा-चौदा वर्षांची होती. आपल्या शब्बाथशाळेतल्या मोठ्या वर्गातील मुलीएवढेच तिचे वय! एखादी मुलगी कामावर आली नाही, तर ती तिच्या घरी जाऊन चौकशी करी. एका अंधाऱ्या खोलीत सगळे कुटुंब कसे राहते, हे तिने अशा भेटींतून पाहिले.

याच सुमारास फ्रेडरिक डेनिसन मॉरिस या धर्मोपदेशकांचा तिच्यावर प्रभाव पडला. ख्रिस्ती विश्वास हा रविवारच्या उपासनेपुरता नाही, मजुराची मजुरी व त्याचे घर यांतही तो दिसला पाहिजे, असे मॉरिस शिकवीत. त्यांच्याच प्रभावाने तिने चर्च ऑफ इंग्लंडचा स्वीकार केला. मॉरिस यांनी १८५४ मध्ये कामगारांसाठी महाविद्यालय काढले, आणि १८५६ पासून तेथील स्त्रियांच्या वर्गांची चिटणीस म्हणून ती काम करू लागली. पगार वर्षाला २६ पौंड. शिवाय कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्यासाठी ती जुन्या चित्रांच्या नकला काढी. पुढे बहिणींनी घरातच मुलींची शाळा चालविली.

आता आपण त्यांना ऑक्टेव्हियाबाई म्हणू, कारण येथून त्यांचे खरे कार्य सुरू होते. लंडनमध्ये त्या वेळी गरिबांच्या घरांची स्थिती भयंकर होती. मूळ मालक एक, त्याच्याकडून पट्ट्याने घेणारा दुसरा, आणि खोलीखोलीचे भाडे गोळा करणारा तिसरा. दुरुस्ती कोणीच करीत नसे. एक घरमालक तर प्रेतयात्रेच्या सामानाचा धंदा करणारा होता. भाडे बुडाले तरी चालेल, आपला फायदा घरात होणाऱ्या मृत्यूंवर निघतो, असे त्याने बाईंना उघडपणे सांगितले. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या लिखाणात नोंदवून ठेवला.

रस्किन यांचे वडील १८६४ मध्ये वारले व त्यांना मोठा वारसा मिळाला. बाईंनी आपली कल्पना त्यांच्यापुढे मांडली. १८६५ मध्ये रस्किन यांनी मेरिलिबोन भागातील पॅराडाइज प्लेस येथील तीन घरांचा पट्टा ७५० पौंडांना घेतला. प्रत्येक घरात सहा खोल्या होत्या. नाव पॅराडाइज, म्हणजे नंदनवन. पण आसपासचे लोक त्या गल्लीला छोटा नरक म्हणत. पुढच्याच वर्षी जवळच्या फ्रेशवॉटर प्लेसमधील आणखी पाच घरे घेण्यात आली. रस्किन यांनी एक अट घातली. गुंतवलेल्या रकमेवर दरसाल पाच टक्के मिळाले पाहिजेत. ही अट लोभाची नव्हती. हे काम केवळ दानावर चालले तर त्याचे अनुकरण कोणी करणार नाही. ते स्वतःच्या पायावर उभे राहिले तर इतर लोकही पुढे येतील, असा त्यांचा हिशेब होता.

बाईंनी घरे ताब्यात घेतली तेव्हा खिडक्यांच्या काचा फुटलेल्या होत्या, जिन्याचे कठडे लोकांनी जळणासाठी मोडून नेले होते आणि मोऱ्या तुंबल्या होत्या. त्यांनी एकदम सगळे नवे करून दिले नाही. प्रथम मोऱ्या, पाणी आणि छप्पर, बाकीचे हळूहळू. दर आठवड्याला त्या स्वतः दारोदार जाऊन भाडे घेत. भाडे नियमित आले पाहिजे, यात सवलत नव्हती. पण त्याच फेरीत गळके छप्पर, आजारी मूल, काम सुटलेला बाप हे सारे त्यांच्या नजरेस पडे. काम नसलेल्या भाडेकरूला त्या घरांच्या डागडुजीचे काम देत. जिने व बोळ धुण्याचे काम मोठ्या मुलींना देऊन त्याची मजुरी त्यांच्या हातावर ठेवीत.

हिशेबाची रीत तर आजही शिकण्यासारखी आहे. जमलेल्या भाड्यातून मालकाचे पाच टक्के बाजूला निघत. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाची एक रक्कम ठरलेली असे. भाडेकरूंनी घर जपून वापरले आणि त्या रकमेतून काही उरले, तर उरलेल्या पैशातून कोणती सोय करावयाची, हे भाडेकरूच ठरवीत. मालकाला त्यावर हक्क नव्हता. येथेच या नव्या प्रकारच्या घरमालकाचे बीज आहे. घर मालकाचे खरे, परंतु त्यातून मिळणाऱ्या लाभाला कुंपण घातलेले, आणि कुंपणाबाहेरचे सारे राहणाऱ्यांचे.

लाभाला मर्यादा घालून घरे बांधणारे त्या काळी इतरही होते. अमेरिकन व्यापारी जॉर्ज पीबडी यांनी १८६२ मध्ये लंडनच्या गरिबांसाठी दीड लाख पौंड दिले. पुढे ही देणगी पाच लाखांवर गेली. त्यांच्या ट्रस्टने मोठमोठ्या इमारती उभारल्या. ऑक्टेव्हियाबाईंचा मार्ग वेगळा होता. जुने घर पाडून तेथील माणसांना रस्त्यावर काढण्यापेक्षा तेच घर दुरुस्त करावे आणि तीच माणसे तेथे ठेवावीत, असा त्यांचा आग्रह असे. १८७४ च्या सुमारास पंधरा ठिकाणची घरे व सुमारे तीन हजार भाडेकरू त्यांच्या देखरेखीखाली होते. हे काम त्यांनी स्त्रियांच्या हाती दिले. एमा कॉन्स, हेन्रिएटा बार्नेट, बिअॅट्रिस वेब अशा पुढे नावारूपास आलेल्या स्त्रियांनी तरुणपणी गरिबांच्या घरांचे भाडे गोळा करूनच लोकसेवेचे धडे घेतले.

यानंतरची गोष्ट मंडळीच्या सभासदांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. चर्च ऑफ इंग्लंडची जमीनजुमला व उत्पन्न सांभाळण्यासाठी एक आयुक्तमंडळ होते. लंडनच्या दक्षिण भागात, सदर्क येथे, या मंडळाच्या मालकीची पुष्कळ घरे होती. ती घरे मोडकळीस आलेली होती. म्हणजे ज्या चर्चमधून गरिबांवर प्रीती करण्याचा उपदेश होत होता, त्याच चर्चच्या मालमत्तेत गरीब कोंडवाड्यासारखे राहत होते. १८८४ मध्ये आयुक्तांनी यांतील काही घरांची व्यवस्था ऑक्टेव्हियाबाईंकडे सोपविली. काम पाहून त्यांनी पुढे आणखी घरे त्यांच्या हाती दिली.

सदर्कमध्ये कागदाचा एक कारखाना जळून गेला होता. त्या ओसाड जागेवर बाईंनी १८८७ मध्ये रेडक्रॉस बाग तयार केली. शेजारी टुमदार घरे व एक सभागृह उभे केले. सभागृहाच्या भिंतीवर चित्रकार वॉल्टर क्रेन यांच्या कल्पनेतील चित्रे लावली. त्यात राजे किंवा सेनापती नव्हते. त्याच भागातील अॅलिस एअर्स ही तरुणी १८८५ मध्ये आगीतून आपल्या बहिणीच्या मुलींना वाचविताना मरण पावली होती. तिचे चित्र तेथे होते. गरीब माणसाला भाकरी आणि छप्पर लागते, तसे झाड, फूल व मोकळे आकाशही लागते, असे त्यांना मनापासून वाटे.

याच विचारातून १८९५ मध्ये रॉबर्ट हंटर व पाळक हार्डविक रॉन्स्ली यांच्यासह त्यांनी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. सुंदर जागा व जुन्या वास्तू सर्व लोकांसाठी कायम राखून ठेवणे हे तिचे काम. ही संस्था सरकारी नाही. तरीही १९०७ च्या कायद्याने तिला एक असाधारण अधिकार मिळाला. जी जमीन ती न विकण्याजोगी म्हणून जाहीर करील, ती तिला स्वतःलाही विकता येत नाही. मालक असूनही विकण्याचा हक्क सोडून देणे, यालाच आपण कारभारीपण म्हणतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थोरांचे चरित्र सांगताना त्यांच्या मर्यादा झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ऑक्टेव्हियाबाईंचा नगरपालिकेने घरे बांधण्यास विरोध होता. करातून पैसा घालून घरे स्वस्त केली तर मजुरी खाली येईल आणि मतांसाठी भाडी कमी करण्याची चढाओढ लागेल, असे त्यांचे मत होते. सरकारने वृद्धांना निवृत्तिवेतन द्यावे हेही त्यांना मान्य नव्हते. स्त्रियांना कामात पुढे आणणाऱ्या या बाईंनी स्त्रियांच्या पार्लमेंटच्या मताधिकारालाही विरोध केला. लंडनची गरज लाखो घरांची होती. त्यांच्या रीतीने हजारोंचीच सोय झाली. शिवाय जे अगदी निर्धन होते, त्यांना पाच टक्के सुटतील एवढे भाडेही परवडत नव्हते.

याहून मोठी उणीव अशी की, त्यांच्या घरांतील सारा न्याय त्यांच्या स्वतःच्या चांगुलपणावर अवलंबून होता. सतत भाडे थकविणाऱ्याला किंवा वर्तन वाईट असणाऱ्याला त्या घर सोडावयास लावीत. त्या सहसा विचारपूर्वकच तसे करीत असतील. परंतु त्यांचा निर्णय चुकला तर भाडेकरूने दाद कोणाकडे मागावी? तो मालकाला निवडून देत नव्हता, की मालकाला जाब विचारू शकत नव्हता. बाई चांगल्या होत्या म्हणून घर चांगले होते. त्यांच्यानंतर येणारा चांगला नसला तर?

१३ ऑगस्ट १९१२ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी ऑक्टेव्हियाबाईंना देवाज्ञा झाली. वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये थोर पुरुषांच्या शेजारी त्यांचे दफन करण्याची सूचना आली होती, पण कुटुंबीयांनी ती नम्रपणे नाकारली. केंट परगण्यातील क्रॉकम हिल या खेड्याच्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. १९१६ मध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्या व त्यांच्या मार्गाने जाणाऱ्या स्त्रियांनी घरव्यवस्थापकांची संघटना स्थापन केली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या कायद्याने, बाईंना नको असलेली गोष्ट घडली. नगरपालिका सरकारी मदतीने मोठ्या प्रमाणावर घरे बांधू लागल्या. नफा न घेणाऱ्या संस्थाही त्यांच्या बाजूने टिकून राहिल्या. १९७४ च्या कायद्याने त्यांना सरकारी अनुदान मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. १९८८ च्या कायद्यानंतर त्या बँकांकडून कर्जेही काढू लागल्या. अर्थात एका हाताला सरकारचा पैसा, दुसऱ्या हाताला बाजाराचा पैसा, आणि मधे भाडेकरू.

भाडेकरूची दाद हा जुना प्रश्न अखेर न्यायालयात आला. लंडन अँड क्वाड्रंट या ट्रस्टने भाडे थकल्यामुळे एका भाडेकरूविरुद्ध घर परत मिळविण्याची कारवाई केली. असे करताना ट्रस्टला सरकारी संस्थेप्रमाणे मानवी हक्कांचा कायदा लागू होतो काय, हा मुद्दा निघाला. २००९ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला की, अनुदान घेऊन गरजूंना घरे देणारी ही संस्था भाडेकरूला काढते तेव्हा ती सार्वजनिक स्वरूपाचे काम करीत असते. संस्था खाजगी, पण हे काम सार्वजनिक, असा त्याचा अर्थ झाला. दर आठवड्याला स्वतः दारात उभ्या राहणाऱ्या बाईंच्या विवेकबुद्धीवर जे सोपविलेले होते, ते आता कायद्याच्या नजरेखाली आले.

२०१५ चा हिशेब निराळ्या कसोटीवर झाला. राष्ट्रीय हिशेबाच्या नियमांत मालकी कोणाची यापेक्षा नियंत्रण कोणाचे हे पाहतात. २००८ च्या कायद्याने सरकारला या संस्थांवर बरेच अधिकार होते. घरे विकण्यासाठी परवानगी घ्यावी लागे, दोन संस्था एकत्र होण्यास संमती लागे. म्हणून त्या सार्वजनिक ठरल्या, आणि त्यांचे सुमारे ६० अब्ज पौंडांचे कर्ज देशाच्या कर्जात धरले गेले. हा बोजा सरकारला नको होता. तेव्हा २०१६ च्या कायद्याने परवानग्या रद्द केल्या, आणि २०१७ च्या नियमांनी संस्थांच्या मंडळांवरील नगरपालिकांचे वजन कमी केले. नियंत्रण सुटताच त्या पुन्हा खाजगी झाल्या. मंडळातील नगरपालिकेच्या जागा किती, यावरून शिक्का बदलला. गळणाऱ्या छपराबद्दल भाडेकरूचे कोण ऐकणार, हे मात्र त्या शिक्क्याने ठरले नाही.

या विचाराचा एक धागा आपल्याकडेही येऊन पोहोचला आहे. एडिंबरोमध्ये पॅट्रिक गेडिस यांनी १८८५ मध्ये सोशल युनियनच्या कामात ऑक्टेव्हियाबाईंच्या रीतीचा अवलंब केला होता. हेच गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्यांनी १९१६ मध्ये बडोद्यासाठी व १९१८ मध्ये इंदूरसाठी नगररचनेचे अहवाल लिहिले. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जरुरीपुरती जागा मोकळी करा आणि माणसे तेथेच राहू द्या, हा त्यांचा आग्रह होता. इंदूर व बडोद्याच्या आमच्या वाचकांनी आपल्या शहराच्या जुन्या गल्ल्यांतून जाताना हे जरूर आठवावे.

ऑक्टेव्हियाबाईंच्या जीवनापासून आम्ही एवढेच शिकतो की, नफा न घेणे ही चांगली सुरुवात आहे, पण ती पुरेशी नाही. ट्रस्ट, चर्च, संस्था किंवा सरकार, मालकाचे नाव काहीही असो, तो कारभारी आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. वरच्या धन्याला तर द्यावा लागतोच. खाली राहणाऱ्यालाही द्यावा लागतो. पहिला हिशेब बाईंनी मनापासून दिला. दुसरा हिशेब देण्याची पद्धत त्यांच्या काळात नव्हती, आणि ती घडविण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर पडले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, कारभाऱ्यांचे दाखले शिकविताना मोठ्या मुलांपुढे हे चरित्र ठेवावे आणि त्यांना तीन प्रश्न विचारावेत. पाच टक्क्यांवरचे पैसे बाईंनी कोणाचे मानले? चर्चच्या मालकीची घरे वाईट असताना दोष कोणाचा होता? आणि बाईंचा एखादा निर्णय चुकला असता, तर त्या भाडेकरूने काय करावयाचे होते? तिसऱ्या प्रश्नावर मुले अडतील. त्यांना लगेच उत्तर सांगू नये. विचार करू द्यावा. मंडळीच्या ट्रस्टची घरे, वसतिगृहे व दवाखाने उद्या याच मुलांना सांभाळावयाचे आहेत.